तुळईखालचा भुसा

आमच्या सरांना साधा आकडा सांगायची सोय नव्हती. तुम्ही म्हणालात, "सर, सव्वाचार झाले," की ते मान तिरकी करून विचारणार, "कमी-जास्त किती?" मेसच्या आचाऱ्यालाही त्यांनी एकदा धरलं. "आमटीत मीठ दोन चमचे म्हणता. कमी-जास्त किती?" आचारी तिरसट. तो म्हणाला, "खाऊन बघा आणि तुम्हीच सांगा." तर हे खरोखर आठ दिवस मेसमध्ये येऊन आमटी भुरकून गेले आणि दर वेळी वहीत काहीतरी टिपून घेऊन गेले.

त्यांच्या लग्नाची गोष्ट काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वतः रंगवून सांगायच्या. बघायचा कार्यक्रम चालला होता. काकूंच्या वडिलांनी मुलीचं वय सांगितलं एकोणीस. नवरदेव म्हणाले, "कमी-जास्त?" बैठकीतले लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सोयरीक मोडल्यातच जमा होती, तेवढ्यात माजघरातून काकूच म्हणाल्या, "दीड वर्ष जास्त." सर तिथल्या तिथे हो म्हणाले. काकू हे सांगताना अजून लाजायच्या, आणि सर शेजारी बसून "दीड नव्हे, एक वर्ष सात महिने" अशी दुरुस्ती करायचे.

हे गृहस्थ विद्यापीठातल्या गणित आणि पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. मीटर आणि किलो कागदावर आले होते, पण बाजारात अजून शेर-मापट्याचंच राज्य होतं. आमच्या विभागाची इमारत एकच, पण तिच्यात दोन जाती नांदत. वरच्या मजल्यावर गणितवाले, खाली फिजिक्सवाले. वरचे खालच्यांना मिस्त्री म्हणायचे, खालचे वरच्यांना पोथीवाले. चहाच्या किटल्यासुद्धा वेगळ्या. सरांनी प्रमुख झाल्या झाल्या काय केलं, तर दर गुरुवारी उलटापालट लावली. पोथीवाल्यांनी खाली येऊन काचा, तारा, वजनं हाताळायची, आणि मिस्त्र्यांनी वर जाऊन फळ्यापुढे उभं राहून सिद्धता मांडायची. पहिल्या गुरुवारी गणिताच्या एका हुशार मुलाने तीन भिंगं फोडली. सर म्हणाले, "शाब्बास. आज तुम्हाला कळलं, की भिंग ही वस्तू आहे." त्या मुलाला रागवायला धावलेला प्रयोगशाळेचा शिपाई वाटेतच थांबला.

मी तिथे पोचलो हाच एक चमत्कार होता. आमचं गाव मुळशीतलं, पौडच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. कॉलेजात पहिला वर्ग मिळवला, तरी विद्यापीठाच्या दारातून आत शिरायचा धीर होत नव्हता. मुलाखतीला सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पौड इथून किती लांब?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "यष्टीनं का पायवाटेनं?"

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. शेजारच्या प्राध्यापकांना म्हणाले, "बघा. सकाळपासून अकरा जण आले. दहा जणांनी आकडा फेकला आणि एकाने माफी मागितली. हा पहिला, ज्याने विचारलं की मोजायचं कसं." मला घेतलं त्यांनी. त्या दिवशी मी पौडच्या स्टँडवरून गावापर्यंत पळतच गेलो, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही.

विभागात आल्यावर मात्र मी एक चलाखी केली. 'हाय' टाकून 'आहे' धरलं, 'न्हाई' टाकून 'नाही' धरलं, आणि गावचं नाव शक्यतो काढायचंच नाही असं ठरवलं. पण ते काही जमायचं नव्हतं, कारण सरांचं वार्षिक शिबिर नेमकं आमच्याच गावात भरायचं. शहरात ट्रक आणि आगगाड्यांनी जमीन थरथरते, लंबकाचं माप नीट येत नाही. म्हणून त्यांनी माझ्याही आधी पाच वर्षांपासून आमच्या गावची शाळा धरून ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी. तिच्या तुळईला तार बांधायची, तारेला दहा शेरांचा लोखंडी गोळा टांगायचा आणि तो झुलवून झोके मोजायचे. त्यावरून तिथल्या गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. एवढंच काम, पण ते आठ दिवस चालायचं.

आणि शिबिराचा नियम ऐकून ठेवा. प्रयोग झाला की विद्यार्थ्याने आपलं जर्नल घेऊन गावातल्या कुणाही एका माणसाकडे जायचं. आपण काय केलं, का केलं, काय निघालं, हे त्याला मराठीत समजावून सांगायचं. त्याला समजलं, तर त्याने जर्नलवर सही करायची, सही येत नसेल तर अंगठा उठवायचा. त्याच्याशिवाय सर त्या पानाला हात लावत नसत. एम.एस्सी.च्या जर्नलांवर शाईचे अंगठे बघून बाहेरचे परीक्षक चक्रावायचे. एकाने विचारलं होतं, "ही काय खरेदीखतं आहेत का जमिनीची?" सर म्हणाले, "त्याहून पक्की आहेत."

या आकड्यांवर सरांनी एक निबंध लिहिला होता आणि तो एका मोठ्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला होता. आमच्या गावातला आकडा पाहिजे त्यापेक्षा किंचित कमी येत होता, दर वर्षी कमी. सरांनी त्यावरून मांडलं होतं, की मुळशीच्या डोंगरांखालचा खडक हलका असावा. गावात ही बातमी पोचली तेव्हा लोकांनी कमाल केली. "म्हंजे आमच्याकडं पोतं हलकं लागतंय म्हना की!" असं म्हणून एकाने भर चावडीत भाताचं पोतं उचलून दाखवलं. मी वरवर हसत होतो, पण तो निबंध माझ्या उशाशी होता. आमच्या तालुक्याचं नाव इंग्रजीत, जगापुढे छापलेलं! माझी छाती गज गज फुगायची.

तर अशात ती समिती निघाली. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गाला मंजुरी तात्पुरती होती. वर्ग कायम करायचा का बंद करून मुलं मुंबईला धाडायची, हे तीन बाहेरचे प्राध्यापक येऊन ठरवणार होते. बाकीच्यांचं ठीक होतं, कुणाचे मामा गिरगावात, कुणाचे काका दादरला. माझं मुंबईत कोण? वर्ग बंद झाला असता, तर मी गुपचूप गावी जाऊन नांगराला जुंपला गेलो असतो. घरात तशी तयारीही झाली होती.

समितीने अर्जासोबत विभागाची उद्दिष्टे मागवली होती. माझं अक्षर बरं, म्हणून पक्की प्रत करायचं काम माझ्याकडे. प्राध्यापकांनी मिळून पाच पानं लिहून आणली. राष्ट्राची औद्योगिक उभारणी, ज्ञानाची क्षितिजं, उद्याचा भारत, काय विचारू नका. सरांनी लाल पेन्सिल घेतली. प्रत्येक वाक्याशी थांबून म्हणायचे, "हे आपल्या हातून होतं का? नाही? काढा." पाच पानांची तीन वाक्यं उरली. माहीत नसलेलं शोधून काढणे. ते कितपत कळलं हे न लपवता सांगणे. आणि विभागाबाहेरच्या माणसाला ते समजावून देणे.

"सर, फारच थोडं दिसतंय हो," गणिताचे एक प्राध्यापक कळवळून म्हणाले.

"तिसरं जमलं तरी मी निवृत्त व्हायला तयार आहे," सर म्हणाले.

उद्दिष्टांच्या खाली विभागाची कामगिरी लिहायची होती. तिथे चौथ्या क्रमांकावर मुळशीचा निबंध. खरं सांगायचं तर आमच्या अर्जात वजनदार असं तेवढंच होतं.

समिती सोमवारी येणार आणि शिबिर आदल्या शुक्रवारी संपणार, असं जमून आलं. त्या वर्षी मी झोके मोजले, आकडा काढला. नेहमीसारखाच कमी आला. अंगठ्यासाठी मी सोपी वाट धरली आणि आमच्या सोनाआत्याकडे गेलो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, आमच्याच घरी राहिलेली. शाळा झाडायचं काम तिच्याकडे. जीभ अशी, की पाटीलसुद्धा तिच्या दारावरून जरा लगबगीने जायचे. इतकी वर्षं शिबिरातली मुलं तिच्या वाटेला गेली नव्हती, ती यामुळेच.

मी तिला पाटावर बसवून सगळं सांगितलं. झोका, घड्याळ, पृथ्वीची ओढ, हलका खडक. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी शाईची डबी पुढे केली.

"न्हाई उठवायची मी अंगठा," आत्या म्हणाली.

"का? समजलं न्हाई?"

"समाजलं की. पर तुजं खोटं हाय."

"अगं, खोटं कसं असंल? आमचे सर..."

"तुज्या सरांचं मला सांगू नगं. त्यो गोळा झुलतुया, तवा तुळईबी हालतीया."

"तुला काय म्हाईत?"

"मी झाडती की रं मुडद्या रोज शाळा! बाकीच्या दिसाला तुळईखाली कायबी नसतंय. तुमी गोळा बांधला, की त्या टोकाला भितीकडंला भुसा पडतोय, पिवळा, ह्येवढा. किड्यानं खाल्लेली हाय ती तुळई. हालल्याबिगर भुसा पडंल का? दर साली भरती मी तुमचा भुसा सुपात."

मी तसाच उठलो. सर शाळेच्या पायरीवर बसून कुणाचं तरी जर्नल तपासत होते. मी सांगितलं. वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. आत गेले, गोळा झुलवला, आणि तुळईच्या टोकाशी खाली जमिनीवर आपला पांढरा रुमाल पसरला. पंधरा मिनिटांनी रुमालावर पिवळी रेघ उठली होती. मग सरांनी काकूंच्या हातआरशाचा एक तुकडा (दाढीसाठी आणलेला) मेणाने तुळईला चिकटवला. दारातून येणारं ऊन त्याच्यावर पडून समोरच्या भिंतीवर कवडसा आला. गोळा जिकडे जाईल तिकडे तो कवडसा सरकत होता. बोटभर इकडे, बोटभर तिकडे.

टांगलेली जागाच डुलत असली, की झोका किंचित लांबतो; झोका लांबला, की आकडा कमी येतो. हे आम्ही सगळेच पुस्तकात शिकलो होतो. खडक बिडक काही हलका नव्हता. तुळई कुजकी होती.

दुसऱ्या दिवशी पाथरवटाला बोलावून शाळेच्या मागच्या दगडी भिंतीत जाड लोखंडी खुंटी बसवली. गोळा तिला टांगला. आकडा आला, तो चारचौघांसारखा. जगात सगळीकडे येतो तसा.

मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. सहा वर्षांचं काम, तो निबंध, अर्जातला चौथा मुद्दा, माझा वर्ग, सगळं त्या सुपात गेलं. मी सरांना एकटं गाठलं. म्हटलं, "सर, समिती सोमवारी आहे. मंगळवारी जाहीर करू. तोवर कुणाला कळायचं नाही."

सर माझ्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत ना, न लपवता सांगणे? ते काय सोमवार सोडून का?" मग थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "तुमची काळजी मला कळते हो. पण मला एक सांगा, इतकी वर्षं इतक्या लोकांनी अंगठे दिले. एकानेही कसं सांगितलं नाही?"

मी ओठ चावला आणि खरं ते सांगितलं. "सर, आमच्याकडं मोठा माणूस दारात येऊन 'समजलं का?' म्हणाला, तर 'व्हय जी' म्हणायची रीत आहे. 'न्हाई' म्हटलं तर त्याचा अपमान होतो. आत्या मला बोलली, कारण मी तिच्या घरचा. तुम्ही विचारलं असतं तर तिनेही मुकाट्याने उठवला असता."

सरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी सहा वर्षं अंगठे नव्हे, मान गोळा करत होतो!" तिथेच जमिनीवर बसून त्यांनी उद्दिष्टांचा कागद काढला आणि तिसरं वाक्य खोडून नवीन लिहिलं: विभागाबाहेरच्या माणसाला ते दाखवणे, आणि त्याला काय दिसलं ते विचारणे.

सोमवारी समिती बसली. कागद पुढे करायला मी सरांच्या मागे उभा. अध्यक्ष उंच, वाळके, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. त्यांनी अर्ज उघडायच्या आत सर म्हणाले, "चौथा मुद्दा चुकीचा आहे. कृपया खोडावा." आणि सगळी हकिगत सांगितली, रुमालापासून खुंटीपर्यंत. आमचे बाकीचे प्राध्यापक खिडकीबाहेर बघत होते.

समितीतले एक सभासद म्हणाले, "म्हणजे एका अडाणी बाईच्या सांगण्यावरून तुम्ही छापलेला निबंध मागे घेताय?"

"तिच्या सांगण्यावरून तपासला," सर म्हणाले. "मागे घेतोय तो आरशाच्या सांगण्यावरून."

"पण प्राध्यापक, मग तुमच्या विभागाकडे दाखवायला राहिलं काय?"

सरांनी माझं जर्नल त्यांच्यापुढे ठेवलं. आकडा, खाली रिकामी जागा, अंगठा नाही. "हे पान," ते म्हणाले.

अध्यक्षांनी ते पान बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळले. "या तुमच्या आत्या? काय म्हणाल्या त्या? त्यांच्याच शब्दांत सांगा."

पाच महिने घासून-पुसून चकचकीत केलेली माझी भाषा जिभेवर आली होती. 'आत्या म्हणाली की तुळई हलत आहे,' असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण सरांची पाठ माझ्या पुढ्यात होती, ताठ, आणि मला एकदम माझीच चीड आली. मी जोरात म्हणालो, "ती म्हनली, समाजलं की, पर तुजं खोटं हाय. मी झाडती की रं मुडद्या रोज शाळा. हालल्याबिगर भुसा पडंल का?"

मग अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "भुसा कुठल्या टोकाला पडत होता? मधे, की भिंतीजवळ?"

"भितीकडंला," मी म्हणालो.

"बरोबर. तुळई भिंतीवर घासते तिथेच पडणार," ते म्हणाले, आणि पुढचा पाऊण तास त्यांनी उद्दिष्टांबद्दल एक अक्षर न काढता सरांशी तुळईबद्दल वाद घातला. टेबलावर कागदांचा खच पडला. चहा गार झाला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. वर्ग कायम. सरांनी त्याच दिवशी नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली, आणि ती छापून आली तेव्हा शेवटच्या ओळीत आभार होते: सोनाबाई, गावचं नाव, तालुका मुळशी. सरांची कुठल्याशा मोठ्या मंडळावर जायची वेळ होती, ती या दुरुस्तीपायी हुकली असं नंतर कानावर आलं. त्यांनी त्याचा कधी उच्चार केला नाही. माझ्यासारखी किती पोरं पुढे त्या वर्गातून बाहेर पडली, शिकवायला लागली. मी स्वतः तीस-बत्तीस वर्षं शिकवलं, आणि छाती काढून सांगतो, की असा माणूस मला गुरू म्हणून मिळाला.

पण मला सर आठवतात ते पुढच्या दिवाळीतले. शिबिर भरलं. गोळा दगडी भिंतीला टांगलेला. आत्याचं नाव इंग्रजीत छापून आलंय ही बातमी डोंगरापलीकडच्या वाड्यांपर्यंत गेली होती. शेवटच्या दिवशी आम्ही जर्नलं घेऊन निघणार, तर सगळं गावच शाळेपुढे येऊन उभं. पाटील, पाथरवट, लाकडाच्या मोळ्या उतरवून आलेल्या बाया. सरांनी नवीन प्रश्न विचारला, "तुम्हाला काय दिसलं?"

मग पाटील म्हणाले, "तुमचं दार उगडंच हाय. वारं येतंय गोळ्यावर." पाथरवट म्हणाला, "खुटी औंदा मीच परत बशीवली, पर चुना अजून वला हाय. मी तर न्हाई अंगठा देनार." एक म्हातारी म्हणाली, मोजणारा पोरगा शंभराच्या पुढं अडखळतोय, तिने दोनदा ऐकलं. मागून कुणीतरी ओरडलं, घड्याळाला किल्ली सकाळीच दिलीया का रातच्याला, ते आदी सांगा. एकच कालवा उठला. त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही जर्नलवर अंगठा उठला नाही.

सरांनी कोट काढून दाराच्या कडीला अडकवला, फतकल मारून त्या सगळ्यांच्या मधे जमिनीवर बसले, आणि ओल्या डोळ्यांनी मला म्हणाले, "लिहून घ्या. एकेकाचं. घाई करू नका."